आईचा पासपोर्ट कुठे अडतो?

(मंडळाच्या उन्हाळी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याच्या भरात सुटलेल्या दोन-तीन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



तुमच्या सचिवबाईंनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'पोस्टातल्या आठवणी'. पण गेले दोन महिने मी लेकीकडे राहते आहे. तिच्या मैत्रिणी येतात, मी पोस्टात होते हे त्यांना कळतं, आणि चहा संपायच्या आत प्रश्न येतो, "मावशी, आईच्या पासपोर्टचं अडलंय हो, काय करावं?" एकीला मार्चपासून उत्तर नाही. दुसरीच्या सासूबाईंचा अर्ज दोनदा परत आला. तेव्हा पोस्टकार्डांच्या आणि मनीऑर्डरींच्या आठवणी पुढच्या खेपेला. आज पासपोर्टाविषयीच बोलते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पोस्टात होते, १९८२ पासून २०१९ पर्यंत. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे तिथल्या माणसांच्या गोष्टी येणार आहेत आणि तुमच्यापैकी कोणीतरी त्यांचा भाचा निघेल. आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असं बोलतात. मीही घरी तसंच बोलते. आज लेकीने बजावून पाठवलंय, म्हणून 'आले, गेले'.

आता तुम्ही म्हणाल, पासपोर्टाचा आणि पोस्टाचा काय संबंध? पासपोर्ट देतं ते परराष्ट्र खातं. आमच्याकडे तो यायचा लिफाफ्यात, आधी रजिस्टरने आणि पुढे स्पीड पोस्टाने. आणि ज्याचं नाव त्याच्याच हातात द्यायचा, घरच्या दुसऱ्या कुणाला नाही. पोस्टमन गेला तेव्हा माणूस घरी नसला की तो ओळखपत्र घेऊन काऊंटरला यायचा. त्यामुळे गावात कोणाचा पासपोर्ट आला हे आम्हाला त्या माणसाच्या बायकोच्या आधी कळायचं. सुरुवातीच्या वर्षांत ते लिफाफे आखातात जाणाऱ्या पोरांचे असायचे, गवंडी, वेल्डर, ड्रायव्हर. नव्वद सालानंतर इंजिनिअर मुलांचे येऊ लागले, म्हणजे तुमचे. आणि मग हळूहळू तुमच्या आईवडिलांचे. साठीची, पासष्टीची माणसं आयुष्यातला पहिला पासपोर्ट घ्यायला काऊंटरवर उभी राहायची. चष्मा लावून आधी फोटो बघायची आणि म्हणायची, "ह्यो मी न्हवं."

तेव्हा त्रास होता तो लांबच्या अंतराचा. आमचा जिल्हा पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाखाली येतो. सगळं संगणकावर आलं, प्रत्यक्ष हजर राहून फोटो आणि बोटांचे ठसे द्यायचे ठरलं, तेव्हा कोल्हापूरच्या पुढे सव्वादोनशे किलोमीटर जाऊन पुणं गाठावं लागायचं. रात्रीच्या एस.टी.ने निघायचं, सकाळी रांगेत उभं राहायचं. एक कागद कमी पडला की पुन्हा तीच रात्र, तीच एस.टी. २०१७ च्या जानेवारीत सरकारने पोस्टातच पासपोर्ट सेवा केंद्रं सुरू केली. पहिली दोन कर्नाटकात मैसूरला आणि गुजरातेत दाहोदला. त्याच वर्षी कोल्हापुरातही झालं. आमच्या गावच्या म्हाताऱ्या माणसांना सकाळी जाऊन संध्याकाळी घरी जेवायला येता येऊ लागलं. साठीच्या पुढच्यांना नव्या पासपोर्टाच्या दीड हजार रुपये फीमध्ये दहा टक्के सवलतही मिळू लागली.

म्हणजे अंतर संपलं. तरी अर्ज अडतातच. ते का अडतात, ते मी आज सांगणार आहे. तुम्हाला इथे बसून वाटतं की कारकून लोक अडवतात. काही अडवतातही, मी त्याच जमातीतली आहे, मला माहीत आहे. पण बहुतेक वेळा कारण असतं ते आईच्या ट्रंकेत. तिच्याजवळचे कागद एकमेकांशी बोलत नाहीत. एका कागदावरची बाई दुसऱ्या कागदावर सापडत नाही.

आधी जन्मतारखेचं घेऊ. या सभागृहात किती जणांच्या आईवडिलांचा वाढदिवस एक जूनला येतो? हात वर करा... बघा, निम्म्याहून जास्त. (हशा.) जून महिन्यात शाळा सुरू व्हायची. पोराला घेऊन बाप शाळेत जायचा. "जन्म कधीचा?" "पाऊस लई झाला त्या साली." गुरुजी पोराकडे बघायचे, डोक्यावरून हात पलीकडच्या कानाला लावायला सांगायचे, आणि सहा वर्षं मोजून एक जून लिहून टाकायचे. माझीसुद्धा तारीख १ जून १९५९ आहे. माझी आई सांगायची की मी नागपंचमीच्या आदल्या दिवशीची. पण सरकार दरबारी नागपंचमी चालत नाही. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून महाराष्ट्रात दरवर्षी ३१ मेला कचेऱ्याच्या कचेऱ्या रिकाम्या होतात. मी त्याच गर्दीत निवृत्त झाले.

एक जूनमध्ये वाईट काही नाही. शाळेचा दाखला जन्मतारखेला चालतो. घोटाळा झाला तो पुढे. २०१० साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावातून आधारची सुरुवात झाली. आमच्या गावात मशीन आलं तेव्हा आयाबायांना विचारलं, वय किती? कोणी साठ सांगितलं, कोणी "लिव्हा की अंदाजानं". काहींच्या कार्डावर नुसतं जन्मसाल छापलं गेलं, काहींच्या एक जानेवारी. झालं. दाखल्यावर एक जून एकावन्न, आधारवर एक जानेवारी चोपन्न. मतदार कार्डावर तिसरंच वय, कारण तिथे सांगायला दीर गेला होता.

जन्माचा दाखला काढावा म्हटलं तर आजच्या पद्धतीचा जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्याच्या आधी जन्मलेल्यांची नोंद असलीच तर कोतवाल बुकात. ती पुस्तकं तहसील कचेरीत असतात, काही मोडीत, काही वाळवीच्या पोटात. नोंद सापडली तरी 'अमुक तमुक यास मुलगी झाली' एवढंच. मुलीचं नाव नाही. बारसं व्हायच्या आत कोतवालाने लिहून टाकलेलं असतं. पण ज्यांचं अमेरिकेत ग्रीन कार्डाचं काम आहे त्यांनी ही नक्कल जरूर शोधावी. नाही सापडली तर नोंद नसल्याचा दाखला घ्यावा, तिथे तो लागतो.

पासपोर्टासाठी मात्र २०१६ च्या डिसेंबरात नियम सैल झाले. त्याआधी २६ जानेवारी १९८९ नंतर जन्मलेल्यांना जन्मदाखलाच हवा असायचा. आता शाळेचा दाखला, पॅन कार्ड, पेन्शनचा आदेश, एल.आय.सी.ची पॉलिसी, यातलं काहीही एक चालतं. नोटरीची प्रतिज्ञापत्रं गेली, साध्या कागदावर स्वतः लिहून दिलं की पुरे. (२०२५ पासून पुन्हा एक बदल आहे. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या बाळांना जन्मदाखलाच लागतो. तो तुमच्या भाच्या-पुतण्यांचा प्रश्न, आईचा नव्हे.) 'काहीही एक चालतं' हे ऐकून लोक खूश होतात आणि हाताला येईल तो कागद जोडतात. पण साहेबाच्या पुढ्यात पत्त्यासाठी आधार असतं आणि तारखेसाठी दाखला. दोन्हीवरच्या तारखा त्याला दिसतात. चालेल ते एक, पण जुळायला हवीत सगळी.

आता नावाचं. हे बायकांचं दुखणं आहे, म्हणून जरा वेळ घेते. सचिवबाई, घड्याळ दाखवू नका.

आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहायचे. माहेरची यमुना उंबऱ्यातून आत आली की सुलोचना व्हायची. नाव बदललं, मधलं नाव बापाचं जाऊन नवऱ्याचं आलं, आडनाव बदललं. तिन्हीच्या तिन्ही शब्द बदलले, आणि पुरावा काय, तर तांदूळ. ते दुसऱ्या दिवशी शिजवून खाल्ले. शाळेचा दाखला यमुनेचा, बँकेचं पासबुक सुलोचनाबाईंचं, सातबाऱ्यावर नुसतं सुलोचना आणि आधारच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. घरात कुणाला यात काही वावगं वाटलं नाही, कारण पन्नास वर्षांत तिची सही कुणी मागितलीच नव्हती. पासपोर्टाच्या अर्जात पहिल्यांदा कोणीतरी विचारतं, "तुम्हाला दुसऱ्या कुठल्या नावाने ओळखतात का? तुम्ही कधी नाव बदललं आहे का?" हा प्रश्न अर्जात खरंच असतो. पण तिच्यापर्यंत तो पोचतच नाही. अर्ज भरतो सेवा केंद्रातला पोरगा. त्याच्याकडे सातबाऱ्याची रांग असते. तो दोन्ही ठिकाणी 'नाही' वर टिचकी मारून मोकळा होतो, आणि तिथेच पुढची सहा महिन्यांची कटकट ठरते.

माझं स्वतःचं सांगते. नोकरीला लागले माहेरच्या नावाने. लग्नानंतर सर्व्हिस बुकात नाव बदलायला गेले तर हेडक्लार्क म्हणाले, राजपत्रात नाव छापून आणा. मला तेव्हा राग आला होता. सगळं गाव मला ओळखतं, आणि याला छापील कागद हवा. २०१३ साली पासपोर्ट काढताना तोच पिवळा पडलेला कागद मी पुढे केला आणि माझं काम झालं. माझ्या धाकट्या जावेजवळ तसा कागद नव्हता. तिला सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

यमुनेची म्हणजे सुलोचनाबाईंची गोष्ट खरी आहे, नावं तेवढी बदलली आहेत. आम्ही त्यांना अक्का म्हणत होतो. त्यांची मुलगी तुमच्यासारखीच इथे असते. २०१८ ची गोष्ट. मुलीला पाचवा महिना लागला तेव्हा तिने फोन केला, "आई, बाळंतपणाला ये. पासपोर्ट काढ." चार महिने हातात आहेत, पुष्कळ झाले, असं तिला वाटलं. इथे पोस्टात अर्ज दिला की आठवड्यांच्या हिशोबात पासपोर्ट येतो, हे तिला ठाऊक होतं. तिकडेही कागद चोख असले तर तितक्याच वेळात येतो. पण अक्कांचे कागद आत्ता सांगितले तसे होते. आधारवरची तारीख बदलायची ठरलं. ती एकदाच बदलून मिळते, त्यामुळे ती कुठल्या कागदाप्रमाणे करायची यावर घरात पंधरा दिवस खल झाला. मग नावाचं राजपत्र. मग कोल्हापूरला फोटो आणि बोटांचे ठसे. ठसे उमटेनात. चुलीत, शेणात, भांगलणीत घासून बोटांवरच्या रेघाच गेल्या होत्या. मशीन पुसून, बोटं पुसून, पाच-सहा वेळा दाबून कसेतरी उमटले. शेवटी पोलीस चौकशी. हवालदार घरी आला त्या दिवशी अक्का बहिणीच्या गावी, तिच्या नातवाच्या जावळाला गेलेल्या. 'पत्त्यावर आढळून आल्या नाहीत' असा शेरा गेला. तीस वर्षं त्या घरातून ज्या हलल्या नाहीत, त्या नेमक्या त्याच दिवशी हलल्या. पुन्हा अर्ज, पुन्हा चौकशी.

पासपोर्ट आला तेव्हा मी काऊंटरवर होते. नात तीन महिन्यांची झाली होती. मुलीची सासू गेली होती बाळंतपणाला, तिचे कागद नीट होते. अक्कांनी सही केली, लिफाफा घेतला, उघडला नाही. मला म्हणाल्या, "ह्येचं आता काय करू गं?" मी त्यांना म्हटलं, दहा वर्षं चालतो अक्का, जाल की. त्या गेल्याही पुढे, नात चालायला लागल्यावर. मुंबईला व्हिसाला गेल्या तेव्हा नावाचा आणि तारखेचा काहीच प्रश्न आला नाही. पण बाळंतपण काही दहा वर्षं चालत नाही.

यातली मला लागलेली गोष्ट वेगळीच आहे. त्या सहा महिन्यांत मुलगी दर रविवारी फोन करायची आणि अक्का दर रविवारी म्हणायच्या, "चाललंय की, हुईल." अर्जावर आक्षेप आलाय हे त्यांनी सांगितलं नाही, पोलिसांचा शेरा सांगितला नाही. तुम्ही तिकडे कामाच्या गडबडीत, त्यात पोटुशी, तुम्हाला कशाला घोर? शिवाय थोडी लाजही असते. स्वतःचं नाव सिद्ध करता येत नाही हे पोटच्या पोरीला कसं सांगायचं? तेव्हा आई "हुईल" म्हणाली की काय झालंय ते विचारू नका. अर्जाचा नंबर मागून घ्या. अर्ज कुठवर आलाय ते तुम्ही इथे बसून संगणकावर बघू शकता. फक्त सरकारची खरी साइट बघा. हुबेहूब तशाच दिसणाऱ्या, जास्तीचे पैसे घेणाऱ्या खोट्या साइट निघाल्या आहेत आणि परराष्ट्र खात्याला त्याबद्दल सावध करावं लागलं आहे.

डिसेंबरात तुमच्यापैकी बरेच जण घरी जाल. लग्नं असतील, हुरडा असेल. त्यातला एक दिवस ट्रंकेसाठी ठेवा. दुपारी आईला जवळ घेऊन बसा, चटईवर तिचे सगळे कागद मांडा आणि प्रत्येकावरचं नाव मोठ्याने वाचा. ती सांगेल, हे नाव कुणी ठेवलं, ही तारीख कुणी सांगितली. दोन तास मजेत जातात. मग कोणता कागद बाकीच्यांशी भांडतोय ते कळेल, आणि तेवढाच दुरुस्त करायला टाका. विमानाच्या तिकिटाची घाई नसताना हे करायचं. आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. जुन्या माणसांचे काही पासपोर्ट सगळं नाव एकाच रकान्यात भरून झालेले आहेत. अमेरिकेच्या व्हिसावर मग पहिलं नाव 'अज्ञात' म्हणून येतं, आणि दुबईवाल्यांनी तर २०२२ च्या नोव्हेंबरात एकेरी नावाच्या पासपोर्टावर पर्यटकाचा व्हिसा द्यायचंच थांबवलं. पोलीस चौकशी होईपर्यंत आईला गावाला पाठवू नका, आणि शेजारच्या दोघांना आधी सांगून ठेवा. आमच्याकडे घराबाहेर हवालदार दिसला की शेजारी दार लावून घेतात.

ज्यांच्या आईवडिलांकडे पासपोर्ट आहे ते आता निवांत बसलेत. त्यांच्यासाठी एक सांगते. आमच्या गावात एक निवृत्त गुरुजी आहेत, गणिताचे. मुलगा परदेशात. १९९६ साली त्यांनी पासपोर्ट काढला, तो हाताने लिहिलेला, फोटो चिकटवलेला. "पुढच्या वर्षी या बाबा, घर झालं की." २००६ ला नवा काढला. "मुलांच्या परीक्षा होऊ द्या." २०१६ ला तिसरा आला, मी स्वतः त्यांच्या हातात दिला. त्यांनी जुनी दोन पुस्तकं पिशवीतून आणली होती. काऊंटरवर तिन्ही शेजारी शेजारी ठेवून पानं उलटून मला दाखवली. एकाही पानावर शिक्का नाही. म्हणाले, "बाई, तीन वह्या कोऱ्या. विद्यार्थी नापास." आणि हसले. गुरुजी आता पंच्याऐंशीचे आहेत. तिसऱ्या वहीची मुदत २०२६ ची.

वेळ संपली. मघाशी चिठ्ठीवर दोन प्रश्न आले, त्यांची उत्तरं देते आणि बसते.

पहिला, मुदत संपायच्या किती आधी अर्ज करता येतो? एक वर्ष आधी करता येतो. आईवडिलांच्या बाबतीत वर्ष लागलं की लगेच करा. त्यांना त्या वेळी जिना चढवतोय तोवर बरं.

दुसरा, नवा पासपोर्ट आल्यावर जुन्याचं काय करायचं? तो रद्द करून परत देतात. त्यात अमेरिकेचा व्हिसा चालू असेल तर तो फेकू नका. व्हिसा जुन्या पुस्तकातलाच चालतो, प्रवासात दोन्ही पुस्तकं लागतात. एकाला एक रबर लावून ठेवा. माझी दोन्ही पर्समध्येच आहेत. लेक म्हणते, घरात कपाट आहे की आई. असू दे कपाट.